खालचा बर्थ मिळाला, पण योग्य बर्थ मिळाला का?

दिल्ली, नोएडा किंवा गुडगावात राहणाऱ्या मराठी घरांत दिवाळी, लग्नकार्य किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की गावी जाण्याची तिकिटे काढायला सुरुवात होते. घरात कुणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असते, कुणी पक्षाघातातून सावरत असते, कुणाला काठीशिवाय चार पावले टाकता येत नाहीत. अशा माणसाचे तिकीट काढताना सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते, ती म्हणजे खालचा बर्थ. तो मिळाला की घर निर्धास्त होते. तरीही पुण्याला किंवा नाशिकला उतरलेला तो प्रवासी पुष्कळदा थकून गेलेला असतो. रात्री पाठ टेकून बसता आलेले नसते. शौचालयापर्यंत जावे लागू नये म्हणून त्याने संध्याकाळपासून पाणीच प्यायलेले नसते. उतरताना दोघांनी धरून खाली घ्यावे लागलेले असते. हवा होता तो बर्थ मिळाला, मग प्रवास अवघड का गेला?

कारण असे की खालचा बर्थ एकच अडचण सोडवतो, ती वर चढण्याची. हालचालींवर मर्यादा असलेल्या माणसाच्या प्रवासात आणखी निदान तीन अडचणी असतात : फलाटावरून डब्यात शिरणे, रात्री शौचालयापर्यंत जाऊन परत येणे आणि दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात खाली उतरणे. कुठली अडचण कुणाला सर्वांत जड जाईल, हे त्या माणसाच्या शरीरावर अवलंबून असते. म्हणून सर्वांत चांगला बर्थ कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. या माणसाला यातले काय जमणार नाही, हे आधी ठरवावे आणि त्यावरून गाडी, डबा आणि बर्थ निवडावा. ही निवड डोळसपणे करता यावी, यासाठी डबा कसा रचलेला असतो आणि आरक्षणाचा संगणक कसा विचार करतो, हे समजून घेऊ.

बर्थच्या आकड्यात काय दडले आहे?

स्लीपर आणि थर्ड एसीच्या डब्यात आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. बर्थच्या क्रमांकाला आठने भागले आणि बाकी १ किंवा ४ उरली, तर तो खालचा बर्थ. बाकी २ किंवा ५ उरली तर मधला, ३ किंवा ६ उरली तर वरचा. बाकी ७ म्हणजे साइड लोअर आणि आठने पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. सेकंड एसीत मधला बर्थ नसतो, त्यामुळे कप्पा सहाचा होतो. तिथे सहाने भागून बाकी १ किंवा ३ आली तर खालचा आणि ५ आली तर साइड लोअर. एवढे लक्षात ठेवले की तिकिटावरच्या आकड्यावरून आपला माणूस नेमका कुठे झोपणार आहे, हे घरबसल्या कळते.

आता थर्ड एसीतल्या खालच्या बर्थची मेख पाहू. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात मधल्या बर्थच्या प्रवाशाला आपला बर्थ उघडून झोपण्याचा हक्क असतो. तो उघडला की खालच्या बर्थवर ताठ बसण्याएवढी उंची उरत नाही. ज्याला आडवे झोपून आठ तास काढता येतात, त्याला याने काही फरक पडत नाही. पण ज्याला दम लागतो म्हणून मधूनमधून उठून बसावे लागते, ज्याची कंबर आखडते किंवा ज्याला मान वाकवून उठणे अशक्य आहे, त्याच्यासाठी मधला बर्थ म्हणजे डोक्यावर आलेले छतच. अशा माणसाला सेकंड एसी घेऊन द्यावा. त्यासाठी मोजलेले जादा पैसे वाया जात नाहीत, कारण त्या पैशांत रात्रभर ताठ बसण्याची मोकळीक मिळते.

साइड लोअरबद्दल लोकांचे मत फारसे चांगले नसते आणि त्याला कारणे आहेत. तो दोन आसने जोडून तयार होतो, त्यामुळे मध्ये सांधा येतो आणि पाठीला खुपतो. लांबी कमी असल्याने उंच माणसाला पाय पसरता येत नाहीत. ये-जा करणाऱ्यांचे धक्के लागतात. आरएसीचे तिकीट असेल तर तो दोघांत वाटून घ्यावा लागतो. पण तो मार्गिकेला समांतर असल्याने पाय खाली सोडले की माणूस थेट वाटेवर उभा राहतो. शिवाय त्याच्यावर मधला बर्थ नसतो, म्हणून रात्रीही बसता येते. ज्याला लोळण्यापेक्षा बसणे सोपे जाते, त्याच्यासाठी थर्ड एसीतला साइड लोअर हा आतल्या खालच्या बर्थपेक्षा सरस ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. समोरासमोरचे दोन खालचे बर्थ एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. खिडकीकडे डोके करून झोपले, तर एका बर्थवर उतरण्याची मोकळी कड उजव्या हाताला येते आणि दुसऱ्यावर डाव्या हाताला. पक्षाघातामुळे एक बाजू कमजोर झाली असेल किंवा एकाच पायाचे ऑपरेशन झाले असेल, तर कूस बदलून उठताना कुठला हात आणि कुठला पाय कामी येतो, यावर सगळे अवलंबून असते. घरच्या पलंगावर तो माणूस कुठल्या बाजूने उठतो, हे पाहून ठेवावे. गाडीत नेमकी उलटी बाजू वाट्याला आली, तर डोके मार्गिकेकडे करून झोपावे किंवा समोरच्या प्रवाशाशी बर्थ बदलून घ्यावा. खालच्या बदल्यात खालचाच बर्थ मागितला, तर नाही म्हणायला कुणाला फारसे कारण उरत नाही.

डब्याचा मध्य की टोक?

आजच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना जर्मन आराखड्याचे एलएचबी डबे असतात. डब्याची लांबी सुमारे साडेतेवीस मीटर असते आणि तो दोन टोकांजवळच्या चाकांच्या चौकटींवर, म्हणजे बोगींवर, तोललेला असतो. रुळाच्या सांध्यावरून किंवा वळणावरून जाताना आधी एक टोक उसळते आणि मग दुसरे. बागेतल्या सी-सॉवर मध्ये उभ्या असलेल्या मुलाला जेमतेम हालचाल जाणवते आणि टोकाला बसलेले मूल वर-खाली होते, तसेच इथे घडते. मधल्या कप्प्यांत हादरे आणि चाकांचा आवाज दोन्ही कमी असतात. थर्ड एसीच्या ७२ बर्थच्या डब्यात ३३ ते ४० हा बरोबर मधला कप्पा. ज्यांच्या मणक्याला हादरा सोसत नाही किंवा ज्यांना हालचालीने मळमळते, त्यांना हाच भाग मानवतो.

क्रूझ जहाजांवरही हाच नियम सांगितला जातो : खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे डोलणे कमी जाणवते. मात्र जहाजावरच्या खोलीला स्वतःचे न्हाणीघर असते, त्यामुळे तिथे मध्यभाग निवडताना काही गमवावे लागत नाही. रेल्वेच्या डब्यात शौचालये दोन टोकांना असतात. म्हणजे जिथे हादरे कमी, तिथून शौचालय सर्वांत दूर. मधल्या कप्प्यातून शौचालयापर्यंत साधारण दहा मीटर चालावे लागते, तेही हलत्या डब्यात, अरुंद मार्गिकेतून, बाहेर आलेले पाय आणि सामान चुकवत. वॉकर तिथे नीट चालत नाही. एसी डब्यात पुढे आपोआप मिटणारे जड दारही एका हाताने धरून ठेवावे लागते.

म्हणून इथे तडजोड करावीच लागते. मापाचे एकक म्हणून रात्रीच्या फेऱ्या धराव्यात. मधुमेह, प्रोस्टेटचा त्रास किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे रात्री तीन-चार वेळा उठावे लागत असेल, तर टोकाचा कप्पा घ्यावा आणि थोडे हादरे, थोडा दाराचा आवाज सोसावा. पडण्याचा धोका चालण्यात असतो, झोपण्यात नसतो. एकदाच उठावे लागत असेल आणि पाठ दुखरी असेल, तर मध्यभाग घ्यावा. टोकाच्या कप्प्यातही पहिल्यापेक्षा दुसरा कप्पा, म्हणजे थर्ड एसीत ९ ते १६, अधिक सोयीचा पडतो. तो जवळही असतो आणि दाराच्या अगदी तोंडावरही नसतो. गाडीत बसल्यावर कमोड कुठल्या बाजूला आणि भारतीय पद्धतीचे शौचालय कुठल्या बाजूला, हे सोबतच्याने दिवसाउजेडी पाहून ठेवावे. गुडघा न वाकणाऱ्या माणसाला चुकीच्या दारापर्यंतची फेरी परवडत नाही.

कोट्याचे गणित

खालच्या बर्थचा एक वेगळा कोटा असतो. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात, थर्ड एसीत चार-पाच आणि सेकंड एसीत तीन-चार खालचे बर्थ ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरील महिला आणि गर्भवती महिला यांच्यासाठी राखलेले असतात. पुरुषांसाठी वयाची अट ६० वर्षे आहे. या कोट्याचा नियम मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. त्या अटीत बसणारा प्रवासी एकटा असेल किंवा तसे दोघे एका तिकिटावर असतील, तरच संगणक हा कोटा विचारात घेतो. सत्तरीची आई आणि चाळिशीचा मुलगा एका तिकिटावर आले की कोटा लागू होत नाही. सर्वसाधारण कोट्यातही ज्येष्ठांना खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न संगणक आपणहून करतो, पण तो शिल्लक असेल तरच.

त्यामुळे कुटुंबापुढे खरोखरीचा पेच उभा राहतो. आईचे तिकीट वेगळे काढले तर खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते, पण मुलगा दुसऱ्या डब्यात जाऊ शकतो. एकत्र काढले तर सोबत पक्की, बर्थ बेभरवशाचा. याचे उत्तर पुन्हा त्या माणसाच्या गरजेतच सापडते. रात्री उठताना हात धरायला कुणी हवे असेल, तर सोबत महत्त्वाची. मग एकत्र तिकीट काढावे आणि खालचा बर्थ मिळाला तरच आरक्षण करा, हा पर्याय आयआरसीटीसीवर निवडावा. स्वतः उठता-चालता येते पण चढता येत नाही, अशांनी वेगळे तिकीट काढायला हरकत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. पहिल्या दिवशी तिकीट काढणाऱ्याला निवडीला वाव राहतो, तत्काळवाल्याला तो जवळपास उरत नाही.

दिव्यांगांसाठी स्वतंत्र कोटा आहे आणि तो या पेचातून सुटका करतो. मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपर वर्गात चार बर्थ दिव्यांग आणि त्यांचे सोबती यांच्यासाठी असतात, त्यांतले दोन खालचे. थर्ड एसीतही असा कोटा आहे. सोबत्याला जवळचा बर्थ मिळावा, हाच त्यामागचा हेतू आहे. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला थर्ड एसी व स्लीपरमध्ये ७५ टक्के, फर्स्ट आणि सेकंड एसीत ५० टक्के, तर राजधानीच्या थर्ड एसीत २५ टक्के सवलत मिळते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली, ही मात्र चालू राहिली. पात्र असूनही प्रमाणपत्र न काढणाऱ्यांची संख्या आपल्या ओळखीच्या घरांतही कमी नसते. ऑनलाइन सवलतीसाठी रेल्वेचे दिव्यांग ओळखपत्र एकदा काढून ठेवले की पुढचे अनेक प्रवास सोपे होतात.

सर्वांत महाग तिकीट काढले की झाले?

पैशांची अडचण नसेल तर फर्स्ट एसी घ्यावा, असा सल्ला नेहमी मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. फर्स्ट एसीत दार लावता येणारी चार किंवा दोन जणांची खोली मिळते, बर्थ रुंद असतो, गर्दी नसते. पण तिथे तिकीट काढताना बर्थ क्रमांक मिळत नाही, तो चार्ट तयार होताना ठरतो. खालचा मिळेल की वरचा, हे सेकंड एसीच्या प्रवाशाला ६० दिवस आधी कळलेले असते आणि फर्स्ट एसीच्या प्रवाशाला अगदी शेवटी. शिवाय खोलीला स्वतःचे शौचालय नसते, ते इथेही डब्याच्या टोकालाच असते. बहुतेकांच्या बाबतीत सेकंड एसीचा खालचा बर्थ हीच सर्वांत समतोल निवड ठरते.

व्हीलचेअरवरून उठताच न येणाऱ्या माणसाला यातला कुठलाही वर्ग पुरा पडत नाही, कारण नेहमीच्या डब्याची मार्गिकाच व्हीलचेअरच्या रुंदीची नसते. त्यांच्यासाठी बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांत गार्डच्या डब्याला जोडून दिव्यांगांचा कप्पा असतो. त्याचे दार रुंद असते आणि आधाराच्या दांड्या असलेले मोठे शौचालय असते. वंदे भारतच्या दोन्ही टोकांच्या डब्यांत व्हीलचेअरसाठी जागा आणि तसेच शौचालय आहे. मात्र एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली हजरत निजामुद्दीनची वंदे भारत भोपाळच्या राणी कमलापती स्थानकापर्यंतच जाते, आणि तीही बसून प्रवास करण्याची गाडी आहे.

चढणे आणि उतरणे

एलएचबी डब्याची जमीन रुळापासून सुमारे १.३ मीटर उंच असते. उंच फलाट ७६ ते ८४ सेंटीमीटरचा असतो. उरलेले अंतर, सुमारे अर्धा मीटर, दाराखालच्या पायऱ्यांनी कापायचे असते. मध्यम उंचीच्या फलाटांची उंची ४५ सेंटीमीटरच्या आसपास असते, तिथे ही चढण जवळपास दुप्पट होते. दिल्लीच्या मोठ्या स्थानकांवर चढताना वेळ असतो, कारण अनेक गाड्या तिथूनच सुटतात. खरी परीक्षा मधल्या लहान स्थानकावर उतरताना होते. म्हणून गाडी निवडताना सुटण्याच्या वेळेपेक्षा ती शेवटी कुठे थांबते, हे पाहावे. पुण्याला जायचे असेल, तर वास्कोला पुढे जाणाऱ्या गोवा एक्स्प्रेसपेक्षा पुण्यालाच संपणारी निजामुद्दीन–पुणे दुरांतो उतरायला निवांत. मुंबईसाठी नवी दिल्लीहून सुटणारी तेजस राजधानी किंवा निजामुद्दीनहून सुटणारी ऑगस्ट क्रांती राजधानी मुंबई सेंट्रललाच संपते. नाशिक आणि कल्याणकरांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेली सीएसएमटी राजधानी सोयीची खरी, पण त्यांना वाटेतल्या थांब्यावर उतरावे लागते. त्यांनी स्टेशनच्या पंधरा-वीस मिनिटे आधीच सामान आणि माणूस दोन्ही दाराजवळ आणून ठेवावे.

गाडीचा डबा कुठे उभा राहतो, हेही निवडीत धरावे. २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. लिफ्ट एका टोकाला आणि आपला डबा दुसऱ्या टोकाला आला, तर थकवा गाडीत बसण्याआधीच सुरू होतो. नवी दिल्ली स्थानकाचा फलाट १ पहाडगंजच्या बाजूला आणि फलाट १६ अजमेरी गेटच्या बाजूला आहे. टॅक्सीवाल्याला आधी बाजू सांगितली तर पूल टळू शकतो. व्हीलचेअर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयातून मिळते, ती ढकलणाऱ्या कुलीचे पैसे मात्र द्यावे लागतात. अडचण आली तर १३९ हा क्रमांक हाताशी ठेवावा.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, सहप्रवासी बर्थ बदलून देतातच. पुष्कळ जण देतात, ही आपल्या समाजाची चांगली बाजू आहे. पण ज्याला स्वतः चढता येत नाही, त्याची रात्र अनोळखी माणसाच्या मर्जीवर सोडणे बरोबर नाही. समोरचाही कुणी साठीतला असू शकतो. मदत मागावी ती नियोजन करूनही उरलेल्या अडचणीसाठी. शिवाय गाडी सुटल्यावर खालचा बर्थ रिकामा राहिला असेल, तर वरचा बर्थ मिळालेल्या ज्येष्ठ किंवा दिव्यांग प्रवाशाला तो देण्याचा अधिकार टीसीला असतो. आधी त्याच्याकडे मागावे.

दुसरा आक्षेप विमानाचा. दिल्लीहून मुंबई, पुणे किंवा नागपूरला जायचे असेल आणि ऐपत असेल, तर दोन तासांचा विमानप्रवास अनेकांना खरोखरच सोपा जातो, हे मान्य करायला हवे. पण मनमाड, चाळीसगाव, मिरज किंवा चिपळूणला जाणाऱ्याला विमानानंतर पुन्हा कित्येक तास मोटारीत गुडघे दुमडून बसावे लागते. त्याच्यासाठी पाय पसरून झोपता येणारी आणि गावाजवळ सोडणारी रेल्वे हीच अजून उत्तम आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : ही सगळी जबाबदारी प्रवाशाच्या कुटुंबावर का? सराय काले खाँ–निजामुद्दीनच्या मेट्रो स्थानकावर व्हीलचेअर फलाटावरून सरळ डब्यात जाते. शेजारच्याच हजरत निजामुद्दीन स्थानकावर तोच माणूस अर्ध्या मीटरच्या चढणीपुढे अडतो. समपातळीवरून चढणे शक्य आहे, हे दिल्लीने २००२ पासून मेट्रोत पाहिले आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या मानकांना केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत तयार करण्याचा आदेश दिला. सगळ्या गाड्या आणि फलाट बदलायला वर्षे लागतील. पण शौचालयापासूनचे अंतर, उतरण्याच्या फलाटाची उंची आणि कमोड कुठल्या टोकाला आहे, ही माहिती आरक्षणाच्या वेळी पडद्यावर दाखवायला एकही नवा डबा बांधावा लागत नाही.

थोडक्यात

• रात्री उठून बसावे लागते : सेकंड एसीचा खालचा बर्थ, थर्ड एसीत साइड लोअर.
• रात्री वारंवार शौचालयाला जावे लागते : टोकापासून दुसरा कप्पा.
• पाठ किंवा मणका दुखरा आहे : डब्याचा मध्यभाग.
• एक बाजू कमजोर आहे : मोकळी कड कुठल्या हाताला येते ते पाहा.
• सोबतीशिवाय जमत नाही : एकाच तिकिटावर आरक्षण, पात्र असल्यास दिव्यांग कोटा.
• उतरणे अवघड आहे : आपल्या गावी संपणारी गाडी.

रेल्वेने ही माहिती तिकिटाबरोबर द्यायलाच हवी आणि प्रवाशांनी ती आग्रहाने मागायला हवी. तोपर्यंत तिकीट काढायला बसण्याआधी ज्याचा प्रवास आहे, त्यालाच विचारा : चढणे, झोपणे, रात्री उठणे आणि उतरणे, यांतले तुम्हाला सर्वांत जड काय जाते? त्याच्या उत्तरावरून बर्थ निवडा.